लघवीची पिशवी, गोळी आणि नळी

मणका मोडलेला माणूस कोकणात करंज्यातल्या घरी परततो तेव्हा शेजारीपाजारी पायांची चौकशी करतात. लघवीचा विषय कुणी काढत नाही. पण जिवावर बेतते ते तिथेच. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक मूत्रसंसर्गाने आणि शय्याव्रणांनी दगावले होते.

इजा मज्जारज्जूतल्या लघवीच्या केंद्राच्या वर असेल तर सुरुवातीचे काही आठवडे पिशवी लुळी पडते. पुढे ती मेंदूच्या हुकमाशिवाय आकसू लागते आणि नेमका त्याच वेळी तिच्या तोंडाचा स्नायूही आवळतो. आत दाब चढतो, लघवी उलटी मूत्रपिंडांकडे जाते. ओले कपडे सगळ्यांना दिसतात. मूत्रपिंडांचे नुकसान सोनोग्राफी आणि रक्ततपासणीशिवाय कळत नाही.

हे टाळायचे तर पिशवी वेळच्या वेळी रिकामी व्हायला हवी. 1965च्या युद्धात जखमी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धांचे जनक डॉ. लुडविग गुटमन हेच ठरावीक वेळाने नळी घालून पिशवी रिकामी करण्याबद्दल आग्रही होते. त्याच 1972 साली अमेरिकेत डॉ. जॅक लॅपिडिस यांनी दाखवले, की स्वच्छ धुतलेल्या हातांनी रुग्णाला हे घरीच जमते. औषधांचा खरा उपयोग या नळीच्या जोडीने होतो.

ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनासिन या गोळ्या पिशवीच्या स्नायूला आकसण्याचा निरोप पोचू देत नाहीत. दाब उतरतो, पिशवीत जास्त लघवी मावते. मात्र त्या पिशवी रिकामी करत नाहीत. गोळी चालू आणि नळी बंद, हा प्रकार धोक्याचा आहे.

गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, आधीच मंद झालेले आतडे आणखी जड होते. कोकणात एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी: या गोळ्यांनी घाम कमी येतो. वैशाखात पत्र्याखाली जाळी विणत बसणाऱ्याला त्यामुळे उष्माघात होऊ शकतो. उतारवयात विसराळूपणाही वाढतो. अशा वेळी वेगळ्या मार्गाने काम करणारे मिराबेग्रॉन डॉक्टर सुचवतात. ते घेताना रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते.

गोळ्या पुरेनाशा झाल्या की दुर्बिणीतून पिशवीच्या भिंतीत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने देतात, सहसा 200 युनिट. परिणाम काही महिने टिकतो, मग पुन्हा द्यावी लागतात. त्यानंतर नळीची गरज बहुधा असतेच.

प्रतिजैविकांची घाई मात्र नको. नळी वापरणाऱ्याच्या लघवीत जंतू सापडणे नेहमीचे आहे. ताप किंवा त्रास नसेल तर त्यांवर सहसा उपचार करत नाहीत.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा तिच्या वर असलेल्यांच्या घरच्यांनी आणखी एक खूण ओळखावी. अचानक डोके ठणकले, चेहऱ्यावर घाम फुटला, तर पिशवी तुडुंब भरून रक्तदाब भडकलेला असू शकतो. रुग्णाला ताबडतोब बसवावे, कपडे सैल करावेत, नळी कुठे पिळली आहे का ते पाहावे किंवा नळी घालून पिशवी रिकामी करावी. तरीही उतार पडला नाही, तर तडक इस्पितळ गाठावे.