माळकऱ्यानं रेशनचं धान्य खावं का?

(दिंडीच्या शतकमहोत्सवी सप्ताहात मुलुंड येथे झालेले प्रवचन)



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हा सप्ताह मांडला, आणि मंडळींनी सांगितलं की आजचं प्रवचन तुम्ही करा. प्रवचन म्हटलं की अभंग घ्यायचा असतो. पण आज मी अभंग घेतलेला नाही. काल हरिपाठ झाल्यावर मंडपाच्या मागं चहा चालला होता, तिथं दोन माळकऱ्यांचा वाद लागला. एक म्हणाले, "फुकटचं रेशन माळकऱ्याच्या पोटात जाऊ नये. फुकटचं खाल्लं की भजनात मन लागत नाही." दुसरे म्हणाले, "भजनात मन लागतं की नाही ते पोट रिकामं असताना बघा." दोघंही आपल्याच दिंडीतले, दोघंही वारी न चुकवणारे. मग माझ्याकडं वळले, महाराज, तुम्ही सांगा. मी म्हणालो, उद्या गादीवरून सांगतो, सगळ्यांसमोर. कारण हा प्रश्न दोघांचा नाही. ह्या मंडपात बसलेल्या कितीतरी घरांत हा प्रश्न आहे, फक्त कुणी बोलत नाही.

मी आधीच सांगून टाकतो, घ्यावं. ज्याच्या घरात गरज आहे त्यानं मान वर करून घ्यावं. पण ज्याला गरज नाही त्यानं घेऊ नये, आणि तिथं मी जरा कडक बोलणार आहे. राग मानू नका.

आता बघा. आपण आळंदीहून निघतो. दिवे घाट चढून सासवडला जातो. जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. वाखरीला पोचेपर्यंत आपण किती घरचं खातो? कुठं पिठलं-भाकरी, कुठं ठेचा, कुठं बुंदी, कुठं उपवासाची केळी. देणारी बाई आपल्याला ओळखत नाही. आपण तिची जात विचारत नाही, ती आपली विचारत नाही. ती रस्त्यावर उभी राहून "माऊली, घ्या, माऊली, घ्या" म्हणते आणि आपण पंगतीला बसतो. तिथं कुणाला लाज वाटत नाही. मग तोच माणूस मुलुंडला आला, रेशनच्या दुकानापुढं पिशवी घेऊन उभा राहिला, की तोंड का लपवतो? शेजारच्या चाळीतला बघेल म्हणून? वारीत तर लाखभर लोक बघतात.

तुम्ही म्हणाल, महाराज, ते अन्नदान आहे, प्रसाद आहे, हे सरकारचं आहे. बरं. सरकारचं म्हणजे कुणाचं? मी शेतकरी आहे, मला हे विचारायचा हक्क आहे. तो गहू मंत्र्याच्या अंगणात पिकत नाही. पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेशातल्या शेतकऱ्यानं पिकवला, हमीभावानं अन्न महामंडळानं घेतला, गोदामात ठेवला. आपल्या भंडारा-गोंदियाचं भातसुद्धा हमीभावानं खरेदी होतं. आणि त्याचे पैसे? तुम्ही साबण घेता, चप्पल घेता, त्या प्रत्येकात कर आहे. भांडी घासायला जाणारी बाईसुद्धा कर भरते, तिला ठाऊक नसतं एवढंच. म्हणजे ह्यात दाणा शेतकऱ्याचा आणि पैसा सगळ्यांचा. उद्या आपण काला करणार. काल्यात काय असतं? ज्यानं त्यानं आणलेली शिदोरी एकत्र कालवली, कुणाची कुठली ते राहिलं नाही, आणि कन्हैयानं सगळ्या गवळ्यांना वाटली. पेंद्याला कुणी म्हणालं नाही की तुझी शिदोरी शिळी होती, तू मागं हो.

काल त्या माऊलींनी तुकोबांचं नाव घेतलं होतं, म्हणून त्याचंही बोलायला पाहिजे. शिवाजी महाराजांनी नजराणा पाठवला, तुकोबांनी तो परत केला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मीही कीर्तनात सांगतो. पण तो नजराणा होता, मान होता. घोडे आले होते, धन आलं होतं. लेकरांच्या ताटातली भाकरी त्यात नव्हती. ज्या तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली, आणि ज्यांनी ते दुःख लपवून न ठेवता अभंगात सांगितलं, ते तुकोबा भुकेल्याला म्हणतील का की दाणा परत कर? त्यांनी तर घरातली कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, आपल्या वाट्याची. देणेकऱ्यांनी काय "आम्हांला फुकटची माफी नको" म्हणून पाण्यातून कागद बाहेर काढले?

दुसरं एक पथ्य सांगतात, की कीर्तनकारानं कीर्तनाचं मोल घेऊ नये, त्या घरी जेवूसुद्धा नये. बरोबर आहे. ते पथ्य माझ्यासारख्याला आहे. हल्ली कीर्तनाचे आकडे ऐकले तर ते पथ्य कुणाच्या लक्षात आहे असं दिसत नाही, पण तो विषय आज नको. ते पथ्य नामाचा बाजार करणाऱ्याला आहे, धुणीभांडी करून चार पोरं जगवणाऱ्या बाईला नाही. कीर्तनकाराचं पथ्य तिच्या डोक्यावर ठेवू नका.

आणि आपल्याकडं दामाजीपंत आहेत की. मंगळवेढ्याचे. बेदरच्या बादशहाचे अधिकारी. मोठा दुष्काळ पडला, माणसं पाचोळ्यासारखी मरायला लागली. पंतांच्या ताब्यात बादशहाची धान्याची कोठारं होती. ती त्यांनी उघडली आणि लोकांना वाटली. बादशहाचा हुकूम नव्हता. पुढं पंतांवर आलं तेव्हा विठोबा विठू महार झाला, थैली घेऊन बेदरला गेला, पैसे भरून पावती घेऊन आला. ही कथा मी चाळीस वर्षं सांगतो आहे. लोक विठू महारापाशी रडतात, पंतांपाशी हात जोडतात. पण ज्यांनी ते धान्य खाल्लं त्यांचं कुणी बोलत नाही. ते कोण होते? तुमच्या माझ्यासारखे. सरकारी कोठारातलं धान्य त्यांनी खाल्लं, त्यांची लेकरं जगली. देवानं दाम भरला, पण खाणाऱ्यांच्या दारात वसुलीला गेला नाही. कुणाला पापी म्हणाला नाही.

आता जरा आपल्या काळात येऊ.

मुंबईत रेशन नवं नाही. 1943 साली, महायुद्धाच्या काळात, साहेबाच्या राज्यात इथं रेशन सुरू झालं. तेव्हा बंगल्यातला आणि चाळीतला, दोघंही कार्ड घेऊन उभे राहायचे. लाज वगैरे पुढं आली, मधल्या माणसाच्या हातात चार पैसे आले तेव्हा. 2013 साली अन्न सुरक्षेचा कायदा झाला. त्यात माणशी महिन्याला पाच किलो धान्य, आणि अंत्योदयवाल्या कुटुंबाला पस्तीस किलो. आधी तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलो होता. 2023 च्या जानेवारीपासून तो पैसाही घेत नाहीत, आणि 2028 संपेपर्यंत घेणार नाहीत असं सरकारनं सांगितलं आहे. हा कायदा आहे. कायद्यानं मिळतं ते हक्काचं, भीक नव्हे. सणाच्या शिध्याच्या पिशवीवर पुढाऱ्यांचे फोटो असायचे, ते बघून उपकार मानत बसायचं नव्हतं. आतली डाळ बघायची होती.

बहात्तरचा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. मी तेरा-चौदा वर्षांचा होतो. दुष्काळी कामावर खडी फोडायची, आणि खायला लाल मिलो आणि सुकडी. मिलो अमेरिकेची. आमची आजी दोन दिवस तोंड फिरवून बसली, म्हणाली, जनावराचं खाणं आहे. तिसऱ्या दिवशी तिनंच भाकरी थापली. ती थापताना तुटायची, तव्यावर टाकली तर कडक व्हायची. पण खाल्ली. ती भाकरी खाऊन मोठी झालेली माणसं आज ह्या मंडपात पहिल्या ओळीत बसली आहेत, आणि त्यांतली काही सुनेला सांगतात की आपल्या घराण्यात रेशन खात नाहीत!

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं काढलं, ती. 2020 सालची आषाढी. माऊलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या, आपण घरात बसून हात जोडले. आपल्या दिंडीत डबेवाले आहेत, खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नरचे. मार्चमध्ये लोकल बंद झाली आणि डबा बंद झाला. जी माणसं सबंध मुंबईला घरचं जेवण वेळेवर पोचवत होती, त्यांच्याच घरात डबा रिकामा. त्यांतलं एक घर मला ठाऊक आहे. नाव सांगणार नाही. घरधनी माळकरी, मानी. एप्रिलपासून कार्डावर माणशी पाच किलो जादा, फुकट मिळत होतं. हा गेला नाही. म्हणाला, मी लोकांना जेवू घालणारा माणूस, मी हात पसरू? दोन लहान नातवंडं घरात. सून काय करायची, सासरा दुपारी झोपला की पिशवी पदराखाली घेऊन जायची, आणि आणलेला तांदूळ आधीच्या डब्यातल्या तांदळात मिसळून टाकायची. सासऱ्याला वाटायचं, जुनाच तांदूळ पुरतो आहे, विठ्ठल पुरवतो आहे.

विठ्ठलच पुरवत होता, माऊली. पण त्या पोरीला स्वतःच्या घरात चोरासारखं वागावं लागलं. मला कुणी विचारलं की त्या घरात वारकरी कोण, तर मी सुनेचं नाव घेईन.

आमच्या गावाकडं दुसरी तक्रार आहे. बागायतदार म्हणतात, फुकट धान्यानं माणसं आळशी झाली, कांदा काढायला मजूर मिळत नाही. मी चौथी शिकलो, पण भागाकार येतो. पाच किलो भागिले तीस दिवस. दिवसाला एकशे सहासष्ट ग्रॅम. कष्टाच्या माणसाची एका वेळची भूक भागेल, दुसऱ्या वेळेचं काय? तेल, मीठ, डाळ, गॅस, खोलीचं भाडं, पोराची फी, हे काय रेशनला मिळतं? एवढ्यावर कोण आळशी होणार? फार तर मजूर पडेल त्या मजुरीला हो म्हणत नाही, दोन दिवस थांबू शकतो. त्याचं बागायतदाराला दुखतं. मीही मजूर लावतो, मलाही मजुरी जास्त पडते. पडू दे.

आता कडक बोलायचं ते. महाराष्ट्राला ह्या कायद्यात माणसांचा आकडा ठरवून दिला आहे, सात कोटींच्या थोडा वर. तो 2011 च्या जनगणनेवरून धरलेला. त्याच्या वर नावं घेत नाहीत. म्हणजे ही पंगत आहे आणि पाटावर जागा मोजून आहेत. ज्याच्या घरात दोन पगार येतात, गावाला बंगला आहे, दारात चारचाकी आहे, आणि कार्डावर अजून धान्य चालू आहे, तो दुसऱ्याच्या पाटावर बसला आहे. बाहेर कुणी तरी उभं आहे, अर्ज घेऊन. उठा. नाव काढायचा अर्ज साधा असतो. आणि काही जण धान्य घेतात आणि दारावर आलेल्या माणसाला तांदूळ विकतात. म्हणतात, आम्हांला मोठा तांदूळ आवडत नाही. आवडत नाही तर घेऊ नका. शेतकऱ्यानं चिखलात उभं राहून लावलेलं भात ते, किलोमागं थोड्या पैशांसाठी विकता आणि एकादशी धरता?

पण एक गोष्ट सरकारलाही सांगायची आहे. शहरात वर्षाला एकोणसाठ हजारांच्या आत उत्पन्न असेल त्यालाच हे धान्य. महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. मुलुंडमध्ये एका खोलीचं भाडं किती आहे ते तुम्ही मला सांगा. सुरक्षारक्षक म्हणून बारा तास उभा राहणारा माणूस ह्या रेघेच्या वर जातो आणि त्याच्या केशरी कार्डावर शिक्का बसत नाही. कोणी म्हणतं, महाराज, मग खोटा दाखला काढावा का? मी माळ घालून तसं सांगणार नाही. रेघ वर न्या म्हणून दिंडीनं सह्या करून निवेदन द्यावं. शंभर वर्षांच्या दिंडीचं नाव आहे, ते अशा कामाला वापरावं, असं मला वाटतं. विश्वस्तांनी विचार करावा.

आणि ज्यांचं नाव अजून गावच्या कार्डावर आहे, पोट मात्र मुलुंडला, त्यांनी दर महिन्याला गावाहून गोणी आणायची गरज नाही. कार्ड ऑनलाइन असेल तर कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून मिळतं. मशीनमधून पावती निघते, ती मागून घ्या आणि वजन बघा. कमी दिलं, नाही म्हटलं, तर 1967 ह्या नंबरवर फोन करा, पैसे लागत नाहीत. भांडू नका, पण गप्पही बसू नका.

उद्या काल्याचं कीर्तन संपलं की महाप्रसाद आहे. त्यानंतर दिंडीतली शिकलेली पोरं विणेकऱ्यांच्या जागेपाशी टेबल मांडून बसणार आहेत. ज्यांचं ई-केवायसी राहिलंय त्यांनी कार्ड, घरातल्या सगळ्यांचे आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन यावं. म्हाताऱ्या माणसांचा अंगठा उमटत नाही, त्यांनी घाबरू नये, मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. नाव कमी करायचं असेल त्यांचाही अर्ज तिथंच भरून मिळेल. त्यांच्यासाठी वेगळी रांग ठेवलेली नाही, एकच रांग आहे.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!