बर्फाच्या स्वाधीन केलेले तारू



आपण घाटावरची माणसे. यॉट म्हटले की आपल्यापुढे एखाद्या कुबेराची पांढरीशुभ्र नौका आणि तीवरील मेजवान्या उभ्या राहतात; आणि ते चित्र सर्वस्वी खोटे आहे असेही नाही. ध्रुवाकडे 'शोधाला' म्हणून निघालेल्या कित्येक नौका तेथे धूर ठेवून येतात व छायाचित्रे घेऊन येतात. म्हणून सरसकट स्तुती न करता आम्ही एकाच तारवाची हकीगत सांगणार आहोत.

१९८९ साली झाँ-लुई एतिएन या फ्रेंच ध्रुवप्रवाशाने ३६ मीटर लांबीचे, दोन डोलकाठ्यांचे ॲल्युमिनियमचे तारू बांधून घेतले. त्याचा तळ वाटोळा ठेवला. ओली साबणाची वडी मुठीत आवळली की वर निसटते ना, तसे बर्फाने दाबताच तारू वर उचलले जावे, चिरडू नये. ही युक्ती मूळची नॉर्वेच्या नान्सेनच्या 'फ्राम' जहाजाची.

पुढे हे तारू न्यूझीलंडच्या पीटर ब्लेक यांच्याकडे आले. शिडांच्या शर्यतीतला हा मोठा माणूस; त्यांच्या नेतृत्वाखाली न्यूझीलंडने १९९५ साली अमेरिका चषक जिंकला आणि २००० साली राखला. तोच मनुष्य शर्यती सोडून, समुद्र कसा बिघडत चालला आहे हे लोकांना दाखवीत हिंडू लागला. २००१ च्या डिसेंबरात ॲमेझॉनच्या मुखाशी तारू नांगरलेले असता चाच्यांनी त्यांना गोळी घालून ठार केले.

२००३ साली तारू फ्रेंच मालकांकडे परत गेले व त्याचे नाव 'तारा' झाले. (नाव घरचे वाटते, पण त्यात आमचे कर्तृत्व काही नाही!) २००६ च्या सप्टेंबरात सैबेरियाच्या उत्तरेस ही नौका मुद्दाम बर्फात गोठवून घेतली. बर्फ नेईल तिकडे जायचे. 'फ्राम'ला या प्रवासास १८९३ ते १८९६ अशी जवळजवळ तीन वर्षे लागली होती. 'तारा' सुमारे ५०० दिवसांतच, २००८ च्या जानेवारीत, ग्रीनलंडच्या बाजूस मोकळ्या पाण्यात आली. शर्यतीत लवकर पोहोचल्याचा आनंद असतो. येथे तीच काळजीची बाब ठरली. बर्फ पातळ झाला होता, म्हणून झपाट्याने वाहत होता. बर्फ फोडीत जाणाऱ्या बलाढ्य जहाजाला हे अशा रीतीने कळले नसते. त्यासाठी बर्फाच्या स्वाधीनच व्हावे लागले.

नंतर २००९ ते २०१३ या काळात 'तारा'ने जगातील समुद्रांतून सुमारे ३५,००० नमुने गोळा केले. बहुतेक प्लवकांचे, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या जीवांचे, त्यांतले पुष्कळसे डोळ्यांनाही न दिसणारे. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे निम्मा यांच्यातील वनस्पतिवर्गच निर्माण करतो. त्या नमुन्यांत सुमारे ४ कोटी जनुके सापडल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील बहुतेक तोपर्यंत कोणास ठाऊक नव्हती.

'तारा'लाही डिझेल लागते, हे आम्ही लपवीत नाही. पण प्लवकांची जाळी ओढताना तिला अगदी मंद चालावे लागते. वेग वाढला की ते नाजूक जीव जाळ्यातच चिरडतात. ज्या तारवावर ब्लेक यांच्यासारखा शर्यतवीर एके काळी उभा होता, तेच हे तारू.