नव्या यंत्राची घोषणा व आपली पुंजी

‘ॲपल’ने नवे यंत्र जाहीर केले की तिचे शेअर घ्यावेत काय, असे तरुण मंडळी आम्हांस विचारतात. ५ जून २०२३ रोजी ‘व्हिजन प्रो’ जाहीर झाले (डोळ्यांस लावावयाचे यंत्र, किंमत ३,४९९ डॉलर!). त्या दिवशी भाव उच्चांकास पोहोचला आणि बाजार मिटताना मागील बंद भावाच्याही खाली उतरला. वार्तेची अपेक्षा भावात आधीच मुरलेली असते. २००७ चा आयफोन खरोखर युगप्रवर्तक. तरीही २००८ च्या मंदीत तोच शेअर निम्म्याहून खाली गेला. ज्यांस त्याच वर्षी कन्येच्या शिक्षणासाठी पैसा हवा होता, त्यांस कंपनीची थोरवी काय कामाची? नजीकच्या गरजेची पुंजी आम्ही तरी तेथे घालणार नाही. उरलेली घालणाऱ्यांनी घोषणेच्या समारंभाआधी नफातोट्याचे तिमाही पत्रक वाचावे.