तुकडा, मेण आणि काच



आम्ही डॉक्टर नव्हे. उभे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शिकलो ते वाचनालयाच्या पुस्तकांवर. तरी ऊतींच्या तपासणीवर बोलायला उभे राहिलो, याला कारण घडले.

आमच्या एका सोबत्याच्या गालाच्या आत चट्टा उठला. तंबाखूची सवय जुनी. डॉक्टरांनी तपासणीसाठी तुकडा काढला आणि तो कुणीतरी मिठाच्या पाण्यात घालून शहरात धाडला. दोन दिवसांनी पोहोचला तो नासलेला. पुन्हा चिरणे, पुन्हा रोज बुडणे, पुन्हा वाट पाहणे.

मासळी कशी नासते हे खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको. शरीरातून सुटलेल्या तुकड्याचेही तेच. त्याच्यातलेच पाचक रस त्याला आतून विरघळवू लागतात. म्हणून या तपासणीसाठी तो तत्काळ फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचा: बाजारातले फॉर्मॅलिन एक भाग, पाणी नऊ भाग, आणि द्रव तुकड्याच्या निदान दहापट.

पुढे काप घ्यायचे. ओले मांस पातळ कापता येत नाही, हे घरोघर ठाऊक आहे. म्हणून ते मेणात बसवतात. मेण आणि पाणी जुळत नाहीत; तेव्हा चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने पाणी काढायचे, झायलीनने अल्कोहोल काढायचे, मग वितळलेले मेण आत मुरू द्यायचे. थिजलेल्या वडीचे यंत्राने चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. पाच मायक्रॉनचे २०० काप एकावर एक ठेवले, तर एक मिलिमीटर भरतो! काप कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर उचलतात. हिमॅटॉक्सिलीनने पेशींची केंद्रके निळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. निरोगी गालात पेशी थरांनी बसलेल्या दिसतात. कर्करोगात त्या वेड्यावाकड्या होऊन खालच्या थरांत घुसतात.

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. असले ज्ञान काचपट्ट्यांवरूनच उभे राहते. आणि काचपट्टीची सुरुवात बाटलीत होते.

सोबत्याचे निदान दुसऱ्या खेपेस झाले, उपचारही लागू पडले. पण मधले दिवस त्याने कसे काढले ते आम्ही पाहिले आहे. अहवालावर मोठ्या डॉक्टरांची सही असते. बाटली भरणाऱ्या हाताची चूक त्या सहीने भरून निघत नाही. म्हणून आपल्या माणसाचा तुकडा काढला, तर दोन गोष्टी नम्रपणे, पण जरूर विचारा: तुकडा कशात घातला? आणि बाटलीवर नाव लिहिले काय?