बाई म्हणजे पेटी नव्हे
(देवळाली कॅम्प येथील भाषण)



2023 साली एका गाजलेल्या नर्तिकेचा कपडे बदलतानाचा चोरटा व्हिडिओ मोबाइलवरून गावोगाव फिरला. पुण्यात गुन्हा नोंदला गेला. लाज मात्र तिलाच विचारली. बघणाऱ्यांना कुणी विचारली?

पण आपण काय दिवे लावतो? जलशात गाणाऱ्या पोरीचा व्हिडिओ टाकतो, खाली तिचं आडनाव, वस्ती, नंबर. आडनावावरून जात कळते, वस्तीवरून घर सापडतं. मग रात्री-बेरात्री फोन. पोर गाणं सोडते. आपण म्हणतो, चळवळीला आवाज मिळत नाही!

सुपारीला नंबर लागतो, कबूल. पण नारायणगावच्या राहुटीत सुपारी फडाच्या नावानं ठरते, नाचणारीच्या घरच्या पत्त्यावर नाही.

24 ऑगस्ट 2017ला सुप्रीम कोर्टाचे नऊ न्यायमूर्ती एकमुखानं बोलले: खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. बाबासाहेबांच्या घटनेतला हा हक्क स्टेजच्या पायरीशी चपलेसारखा काढून ठेवायचा नसतो.

म्हणून आजपासून पत्रकावर मंडळाचाच नंबर. कपडे बदलायच्या खोलीवर आपला पहारा. तिला विचारल्याबिगर व्हिडिओ नाही.

गोदीत मी पेट्या उचलतो. पेटीवर पत्ता रंगवलेला असतो. बाई म्हणजे पेटी नव्हे!

जयभीम!