कीचक कोण? सगळ्यांना कळलं होतं!

मी साताऱ्याचा, बी.टेक. सांगलीत केलं. चार वर्षं तिथं राहूनही मला माहीत नव्हतं, की सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या नाटकाला इंग्रज सरकार घाबरलं होतं.

१९०७ चं ‘कीचकवध’. गोष्ट महाभारतातलीच. पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि द्रौपदीत भारतमाता. धीर धरा म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ, चिडलेला भीम म्हणजे जहाल. खरं भांडण या दोघांतलं: अपमान किती दिवस सोसायचा? नाटकात कर्झनचं नाव नाही, तरी १९१० मध्ये बंदी आली. रूपकाची ताकद ही बघा!

ऑफिसात मी तर युधिष्ठिरच असतो. तुम्ही कोण? व्हॉइस नोट पाठवा.