लग्न लागले, नोंद राहिली
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न पडला. शिक्षणावर ह्या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले आहे. हुंड्यावरही झाले आहे, आणि त्याचा परिणाम किती झाला हे आपण सारे जाणतोच! म्हणून आज एक रुक्ष दिसणारा विषय घेतला आहे: विवाहाची सरकारी दप्तरातील नोंद. चंदगड तालुक्यात ज्यांची हयात गेली त्यांस हा विषय किती जिव्हाळ्याचा आहे, हे थोड्या वेळात ध्यानी येईल.

नोंद ठेवण्याचे आपल्या लोकांस कधी वावडे नव्हते. आपल्या सीमाभागात हेळवी येतात आणि घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या घडाघडा सांगतात. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या चोपड्यांत आपल्या आजे-पणजांची नावे मिळतात. आणि घरोघरच्या ट्रंकेत आहेराची वही तर असतेच. कोणी पातळ दिले, कोणी तांब्या दिला, कोणाच्या घरी आपले देणे राहिले, हे सारे तीत तिथीवारासह मिळेल. मात्र त्या वहीचा मथळा आपण पाहिला आहे काय? ‘चि. अमुक याच्या लग्नाचा आहेर’ एवढेच तेथे असते. जिच्यामुळे घराला सून मिळाली तिचे नाव बहुधा कोठेच नसते. आपण देण्याघेण्याची नोंद ठेवली, माणसाची ठेवली नाही, असे म्हटल्यास कोणी रागावू नये.

आमच्या माहितीतील एका भगिनीचे उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगणे उचित नाही. यजमान मुंबईस एका कारखान्यात नोकरीस होते, ही गावी शेत सांभाळून सासू-सासऱ्यांची सेवा करी. यजमान अकस्मात वारले. त्यांच्या मागे जी काही रक्कम येणे होती, तिच्यासाठी हिने अर्ज केला. तेथील गृहस्थ काही दुष्ट नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, ‘बाई, आपण त्यांच्या पत्नी, ह्यास कागद काय?’ कागद नव्हता. लग्न लावणारे भटजी कैलासवासी झालेले, मध्यस्थी करणारे मामा गेलेले, लग्नातले फोटो पावसाळ्याच्या ओलीने एकमेकांस चिकटून गेलेले. त्यात दिरांची जीभ फिरली. ज्यांनी मांडवात अक्षता टाकल्या तेच ‘लग्न असे रीतसर कोठे झाले होते?’ असे म्हणू लागले. ज्या बाईने तीस वर्षे त्या घरचे पाणी भरले, तिला आपण त्या घरची आहोत हे परक्या माणसासमोर सिद्ध करावे लागले. आम्ही तिच्याबरोबर पुष्कळ हेलपाटे घातले. अखेर सासऱ्यांच्या हातची आहेराची वही, मुलाच्या शाळाप्रवेशाच्या अर्जावर आई म्हणून उठवलेला तिचा अंगठा आणि गावातील दोन वृद्धांची प्रतिज्ञापत्रे ह्यांच्या बळावर तिचा हक्क तिला मिळाला. पण एका पानाने जे काम झाले असते त्यास दोन पावसाळे लागले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पुष्कळांस वाटते की नोंद केली नाही तर लग्नच खोटे ठरते. तसे नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे वर किंवा वधू यांपैकी एका पक्षाच्या रूढीनुसार विधी झाले की विवाह झाला. सप्तपदी हा ज्या विवाहाचा भाग असेल तेथे सातवे पाऊल पडताच तो पूर्ण झाला. नोंद नसली म्हणून त्यास बाध येत नाही, असे त्याच कायद्याच्या आठव्या कलमात म्हटले आहे. उलट, विधी न करता नुसते प्रमाणपत्र मिळवले तर तो हिंदू विवाह होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट सांगितले. म्हणजे कागद हा विवाह नव्हे, विवाहाचा पुरावा होय. पण पुराव्याचे मोल किती असते? १९६५ साली महाराष्ट्रातीलच एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पहिली पत्नी असता दुसरे लग्न केल्याचा एका गृहस्थावर आरोप होता. दुसऱ्या लग्नात आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून ते लग्न कायद्याच्या दृष्टीने लग्नच ठरले नाही, आणि तो गृहस्थ निर्दोष सुटला. त्या निकालाने दोन्ही स्त्रियांच्या पदरात काय पडले असेल, ह्याचा विचार आपला आपण करावा. पुढे १४ फेब्रुवारी २००६ रोजी त्याच न्यायालयाने सर्व धर्मांच्या नागरिकांच्या विवाहांची नोंद सक्तीची करण्याविषयी राज्यांना आदेश दिले.

आपल्या महाराष्ट्राने त्यापूर्वीच १९९८ चा कायदा केला होता. त्याच्याही आधी मुंबई राज्याचा १९५३ चा कायदा होता, पण आपल्या डोंगरकपारीत त्याची वार्ताही फारशी कोणी ऐकली नाही. नव्या व्यवस्थेत खेड्यांपुरते विवाहनोंदणीचे काम ग्रामसेवकांकडे आले. त्यांस आता ग्रामपंचायत अधिकारी असे नाव मिळाले आहे. कोल्हापूर आपल्यापासून शंभर किलोमीटरांहून दूर आहे, आणि आपली पुष्कळ कामे ह्या अंतरापायी खोळंबतात, ही आपली नेहमीची तक्रार आहे व ती खरी आहे. पण ह्या एका कामापुरती कचेरी गावच्या चावडीपाशी आलेली असता आपणच तिची पायरी चढत नाही.

का चढत नाही? आमच्या मते पहिले कारण शब्दांच्या घोटाळ्यात आहे. ‘नोंदणी विवाह’ आणि ‘विवाहाची नोंदणी’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यासमोर होतो, त्यास तीस दिवसांची आगाऊ नोटीस लागते. घरच्यांस न विचारता केलेले लग्न म्हणजे रजिस्टर लग्न, अशी आपल्या वडीलधाऱ्यांची समजूत झालेली आहे. त्यामुळे मांडवात थाटाने लग्न लावून दिलेल्या मुलीच्या बापास ‘नोंद करा’ म्हटले की तो दुखावतो. ‘आमच्या मुलीने काय पळून जाऊन लग्न केले?’ असा उलट प्रश्न आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकला आहे.

दुसरे कारण आपल्या पावसात आहे. विवाहाचे ज्ञापन लग्नापासून नव्वद दिवसांत द्यावयाचे असते. आपल्याकडील लग्ने वैशाख-ज्येष्ठातली. दहा मेस लग्न झाले तर मुदत आठ ऑगस्टला संपते. हे नव्वद दिवस म्हणजे आपला पेरणी-रोपणीचा आणि ओढ्यानाल्यांना पूर येण्याचा काळ! नवरदेव आठ-पंधरा दिवसांतच मुंबई, पुणे किंवा गोव्याची वाट धरतो. तीन साक्षीदार आणि पुरोहित यांच्या सह्या लागतात. आणि मानाचा साक्षीदार म्हणून ज्या मामांची सही घेण्याचे ठरते ते परळला नाहीतर डोंबिवलीला! गणपतीला सारे गावी येतात तेव्हा मुदत टळलेली असते. मुदत टळली म्हणजे दार बंद झाले असे मात्र नव्हे. उशिराचे शुल्क भरून पुढेही नोंद होते, हे आवर्जून सांगतो, कारण ह्या गैरसमजाने पुष्कळ जोडपी मागे राहिली आहेत. साक्षीदार मानाचा पाहण्यापेक्षा गावात राहणारा पाहावा. नवरानवरीने व साक्षीदारांनी मांडव उतरला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच, हळद अंगावर असता, पंचायतीत जाऊन यावे. देवदर्शनास जातोच ना आपण?

तिसरी अडचण नावांची, आणि ती आम्हां शिक्षकांच्या परिचयाची. शाळेच्या दाखल्यावर मुलीचे नाव एक, घरी हाक मारावयाचे दुसरे, लग्नपत्रिकेवर छापलेले तिसरे, आणि लग्नात ताटातील तांदळावर अंगठीने लिहिलेले चौथे. सासरी नवे नाव ठेवण्याची हौस आम्ही समजू शकतो. पण कायद्याने नाव बदलण्याची सक्ती कोठेही नाही, आणि बदललेले नाव कागदोपत्री चालवावयाचे तर राजपत्रापर्यंत जावे लागते. जन्मतारखेचेही तसेच. नाव घालतेवेळी तारीख माहीत नसली की १ जून लिहिण्याची जुनी चाल होती, त्यामुळे आपल्या कित्येक गावांत निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो! तारखेवरून आठवले. मुलीस अठरा व मुलास एकवीस ही वयोमर्यादा १९७८ पासून आहे. पंचायतीत नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्यावरच बालविवाह रोखण्याचेही काम सोपविलेले आहे. काही घरे नोंदीस टाळतात त्याचे खरे कारण हे आहे. अशा घरांच्या अडचणीवर आमच्यापाशी उपाय नाही, आणि असता तरी सांगितला नसता.

आता आपल्या तालुक्याची खास गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चंदगड हा बेळगाव जिल्ह्यातील तालुका होता. राज्यपुनर्रचनेत तो एकटा मुंबई राज्यात, कोल्हापूर जिल्ह्यात आला आणि उरलेला बेळगाव जिल्हा म्हैसूरकडे गेला. सीमारेषा निघाली, सोयरीक थोडीच थांबते? आजही आपल्या निम्म्या सुना बेळगावकडच्या आणि लेकी तिकडे दिलेल्या. कर्नाटकात ह्या नोंदी उपनिबंधकाच्या कचेरीत होतात. आपल्याकडे वर किंवा वधू जेथे राहते तेथील पंचायतीत ज्ञापन देता येते. तेव्हा लग्न मुलीच्या गावी लागले, म्हणून नोंद करावयाची कोणी ह्या वादात वर्ष घालवू नये. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने बहिणींसाठी मासिक साहाय्याची योजना काढली, तेव्हा शिधापत्रिकेवर नाव न चढलेल्या नवविवाहितांस विवाहाचे प्रमाणपत्र जोडून पतीची शिधापत्रिका दाखविण्याची सवलत दिली. नोंद नसलेल्या सुना त्या वेळी कशा धावपळीत पडल्या ते आपण पाहिले.

तिलारी घाट उतरून गोव्यात मुलगी देणाऱ्यांनी तर फारच सावध असावे. तेथे पोर्तुगीज अमदानीतला नागरी कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला. त्या कायद्यात नोंदणी अधिकाऱ्यासमोरचा विवाह हाच विवाह. आधी इच्छा जाहीर करून सही, आणि काही दिवसांनी तो कायम करण्याची दुसरी सही. दोन्ही सह्या झाल्या म्हणजे वेगळा करार नसल्यास पतीच्या मालमत्तेत पत्नीचा बरोबरीचा वाटा येतो. पहिल्या सहीवर समाधान मानून परत फिरणाऱ्या आईबापांनी मुलीचे काय गमावले हे त्यांस पुढे कळते. दुसरी सही झाल्याखेरीज पाठवणी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भाषण लांबले. मंडळाच्या चालकांनी आमची एक सूचना मान्य केली आहे. सभामंडपाच्या उजव्या हातास एक टेबल मांडले आहे. ज्ञापनाचे कोरे नमुने तेथे ठेवले आहेत, आणि आमचे दोन माजी विद्यार्थी ते भरून देण्यास बसले आहेत. ज्यांच्या लग्नास वर्षे लोटली त्यांनीही संकोच न करता यावे. येत्या वैशाखात ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी पत्रिका छापखान्यात देण्यापूर्वी मुलामुलींचे शाळेचे दाखले घेऊन यावे, म्हणजे नावे ताडून घेता येतील. जेवणाची पंगत दीड वाजता बसेल, तोपर्यंत आम्ही तेथेच आहोत.